होडीला वाचून दाखवायचा कायदा

त्या सकाळी पेपर मल्याळममध्ये आला. शत्रुघ्न खानविलकरांना त्यात विशेष काही वाटलं नाही. बोळिंजच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर नायर राहत होते, पेपरवाला अर्धवट झोपेत असे, आणि सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट चुकीच्या जागी पडलेली पाहण्याची सवय असते. ते पेपर घेऊन जिना चढले आणि म्हणाले, "नायर, तुमचा माझ्याकडे आलाय." नायरांनी हातातल्या पेपराकडे पाहिलं, दाराशी पडलेल्या पेपराकडे पाहिलं, मग खानविलकरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि सभ्य माणूस असल्यामुळे आपला पेपर त्यांना देऊन टाकला. खाली येऊन उघडला तर तोही मल्याळममध्ये. यमुनाबाई चहा घेऊन आल्या, पेपराकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई, हा नायरांचा कसा आला?" खानविलकर म्हणाले, "आणि मघाचा?" "मघाचा आपलाच होता की. तुम्हीच तर वर नेऊन दिलात. मला वाटलं काही कारण असेल." संसाराच्या इतक्या वर्षांत यमुनाबाईंनी त्यांच्या वागण्याला कारण असेल असं धरून चालण्याचा हा तिसरा-चौथा प्रसंग असावा, आणि नेमका ह्या वेळी कारण काहीच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, छोटासा झटका आहे. नशीबवान आहात. हात चालतो, पाय चालतो, बोलता येतं. फक्त मेंदूतली वाचायची जागा तेवढी बधिर झालीय. लिहिता येईल, पण लिहिलेलं वाचता येणार नाही. खानविलकरांनी तिथल्या तिथे चिठ्ठीवर आपलं नाव लिहिलं. झकास लिहिलं, नेहमीसारखं वळणदार. आणि मग त्याच्याकडे पाहिलं तर ते कुणाचंही असू शकलं असतं. आपण लिहायचं आणि आपल्याला कळायचं नाही, ह्यात त्यांना एक ओळखीची गंमत वाटली. अनेक कायदे ज्यांनी लिहिले त्यांची स्थिती हीच असणार असा त्यांना नोकरीत पहिल्यापासून संशय होता. पण घरी येताना रिक्षातून दुकानांच्या पाट्या सरकत होत्या, आणि प्रत्येक पाटी लग्नाच्या मांडवात भेटणाऱ्या दूरच्या नातेवाइकासारखी त्यांच्याकडे बघून हसत होती, आणि त्यांना एकीचंही नाव आठवत नव्हतं, तेव्हा गंमत संपली. डोळ्यांना अक्षर दिसत होतं. काना दिसत होता, मात्रा दिसत होती. पलीकडचा आवाज तेवढा येत नव्हता. आयुष्यभर डोक्यात एक बारीक गुणगुण चालू होती, जे जे छापलेलं समोर येईल ते आपोआप म्हणत जाणारी, साबणाच्या वेष्टनापासून मयताच्या जाहिरातीपर्यंत. ती आहे हेच त्यांना कधी कळलं नव्हतं. ती थांबल्यावर कळलं. विरारच्या त्या कर्कश रस्त्यावर त्यांना इतकं शांत वाटलं की घाम फुटला.

घरातलं घरात ठेवायचं असं ठरलं. यमुनाबाई दुपारी मथळे वाचून दाखवत, आणि अग्रलेख मोठा आहे म्हणून थोडक्यात सांगत. त्यांनी थोडक्यात सांगितलेले अग्रलेख मूळ अग्रलेखांहून चांगले असत, हे खानविलकर कबूल करत. सकाळी मात्र ते गॅलरीत पेपर धरून बसत, म्हणजे इमारतीला दिसावं. पानं उलटण्याचा वेग राखणं कठीण होतं. स्वयंपाकघरातून आवाज येई, "आता उलटा, मघापासून त्या एकाच नटीकडे बघताय." डॉक्टरांनी सांगितलं होतं की मोठ्या ठशाचं काहीतरी घ्या, अक्षरावर बोट फिरवा, डोळ्यांना येत नाही ते बोटाला येईल. म्हणून नातीची, आर्याची, बालवाडीतली पुस्तकं आणली. पण त्यात प्रत्येक शब्दाशेजारी चित्र. बदकाचं चित्र बघून बदक म्हणायला मेंदू लागत नाही. आर्या म्हणाली, "आबा, तुम्ही चित्रावर हात ठेवा ना." त्यांनी चित्रावर हात ठेवला. शब्द तसाच पडून राहिला, दार न उघडणाऱ्या घरासारखा. "तुम्हाला येत नाही," आर्या म्हणाली, टोमणा न मारता, वर्गातल्या एका बाकावरच्यानं दुसऱ्याला सांगावं तसं. त्यांनी पुस्तक मिटलं ते परत उघडलं नाही.

जून सुरू झाला होता, होड्या किनाऱ्यावर ओढून झाल्या होत्या, तेव्हा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातला ऑगस्टीन आला. ऑगस्टीन म्हणजे रॉबर्टचा धाकटा भाऊ, आणि रॉबर्ट म्हणजे छापखान्यातला अक्षरांचे खिळे जुळवणारा, खानविलकरांचा डबा-सोबती. रॉबर्ट जुळवायचा, खानविलकर तपासायचे. मोठे कायदे असले की पद्धत अशी, की एकानं मूळ कागदावरून मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं छापलेल्यावर नजर ठेवायची; वाचणाऱ्यानं विरामचिन्हंसुद्धा म्हणायची. माणूस कमी असला की रॉबर्ट हात पुसून वाचायला बसे. "सदर अधिनियम स्वल्पविराम संपूर्ण महाराष्ट्र राज्यास लागू असेल पूर्णविराम" हे तो अशा भरदार आवाजात म्हणे की महाराष्ट्राला ते ऐकून धीर यावा. जेवताना तो आपल्या घरातल्या एका कायद्याच्या गोष्टी सांगायचा आणि खानविलकरांना त्या थापा वाटायच्या. आता ऑगस्टीन दारात उभा होता, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी, आणि म्हणत होता, "रॉबर्ट गेला नं ईस्टरच्या आदी. पेपरात दिलं व्हतं. तुमी वाचलं नाय?"

खानविलकर उभेच राहिले. म्हणजे ती बातमी आली त्या सकाळी, गॅलरीत, रॉबर्टचा फोटो न घातलेली, फोटोचे वेगळे पैसे पडतात म्हणून नुसत्या अक्षरांची चौकट त्यांच्या मांडीवर होती, आणि त्यांनी तिच्यावरून नजर फिरवून वेगाचा अंदाज घेऊन पान उलटलं होतं. "नाही वाचलं," ते म्हणाले. ह्याहून खरं वाक्य त्यांनी बऱ्याच दिवसांत उच्चारलं नव्हतं.

ऑगस्टीननं पिशवी सोडली. आत रॉबर्टच्या गोष्टीतला कायदा होता. कंपनी सरकारच्या वेळचा, शिळाछापाचा, किनाऱ्यानं व्यापार करणारी गलबतं आणि मासे मारणाऱ्या होड्या ह्यांच्याविषयी, इंग्रजीवरून मराठीत केलेला. थोडीच पानं, पण दोन पंजांएवढी रुंद आणि अक्षरं करवंदाएवढी. गोष्ट अशी, की ऑगस्टीनच्या खापरपणज्याची होडी बंदरावरच्या कारकुनानं धरली, कारण तिच्यावर नाव घातलेलं नव्हतं. खापरपणजा म्हणाला, साहेब, माहीत नव्हतं. कारकून म्हणाला, कायदा माहीत नव्हता ही सबब चालायची नाही. आणि होडी सोडताना हे पुस्तक त्याच्या हातात कोंबलं. आता गुन्हा होडीचा, धरली होडी, सोडली होडी. तेव्हा माहीत कुणाला असायला हवं, तर होडीला. खापरपणज्यानं किरिस्तांवांतला एक शिकलेला माणूस शोधला, आणि दर वर्षी हंगामाच्या पहिल्या दिवशी, फादरांचा आशीर्वाद झाला की, होडीला हा कायदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची रीत त्या घरात पडली. त्यानंतर होड्या किती आल्या, किती मोडीत गेल्या. राज्य गेलं, कायदा कधीच रद्द झाला. त्या घरातली होडी एकदाही अजाणतेपणी समुद्रात गेली नाही. मुंबईहून एक प्राध्यापक येऊन गेले होते. म्हणाले, ह्याची दुसरी प्रत कुठे असल्याचं मला माहीत नाही, आमच्याकडे काचेच्या कपाटात नीट राहील. ऑगस्टीनच्या बापानं विचारलं, कपाट समुद्रात जातं काय. ते परत आले नाहीत.

"इतके दीस रॉबर्ट वाचायचा," ऑगस्टीन म्हणाला. "आता हे जुनं वलन आमच्यात कोनाला येत नाय. आमचा केल्विन इंग्रजी शालेत शिकलेला. मरताना रॉबर्ट म्हनाला, खानविलकरला सांग. तो येक अक्षर सोडायचा नाय." यमुनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन मधल्या दारात थांबल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आता सांगून टाकावं, एवढंच करायचं होतं. खानविलकर म्हणाले, "ठेवून जा. जरा सराव करतो." ऑगस्टीन गेल्यावर यमुनाबाई म्हणाल्या, "आणि नाही जमलं तर? त्यांची होडी अडकून बसेल ना." "त्यांची होडी अशिक्षित राहील," खानविलकर म्हणाले आणि पुस्तक उचलून खिडकीशी घेऊन गेले.

मग पावसाळाभर ते त्या कायद्यावर बोट फिरवत बसले. बाहेर बोळिंजच्या डबक्यांत बेडूक ओरडत, नव्या इमारतींच्या पायांत पाणी साचे, दिवे जात. बोटाखाली एक उभी रेघ, तिच्या डोक्यावर आडवी, पोटाला गाठ. बोट तीनदा त्या वाटेनं गेलं की हाताला काहीतरी आठवे, हात ते लिहितोय असं मनाला वाटे, आणि मागच्या दारानं आवाज येई: स. मग द. मग र. तोवर स निघून गेलेला असे, त्याला परत बोलवायला जावं लागे. पहिला आठवडा एका शब्दात गेला आणि तो शब्द सदरहू निघाला. खानविलकरांना हसू आलं. ह्या शब्दाचा त्यांनी जन्मभर दुस्वास केला होता. सदरहू गलबताचे सदरहू मालकाने सदरहू नाव. एकदा सांगून भागत असताना तीनदा सांगायचं, अर्थ पळून जाईल म्हणून त्याला तीन खुंट्यांना बांधायचं, ह्या सरकारी खोडीवर त्यांनी डबा खाताना रॉबर्टला किती नकला करून दाखवल्या होत्या. आणि आता तीच खोड त्यांना हात देत होती. कारण पुढच्या ओळीत परत सदरहू होतं. त्याच्या पुढच्या ओळीतही. गोष्टीच्या पुस्तकात शब्द एकदा येतो आणि तोंड फिरवून जातो. कायदा तसा नाही. कायदा शेजारच्या गल्लीतल्या विमा एजंटासारखा पुन्हा पुन्हा येतो, तेच बोलतो, तुम्ही ओळख दाखवेपर्यंत उठत नाही. शिवाय त्यात चित्र नव्हतं, आणि पुढे काय होणार ही उत्सुकता तर मुळीच नव्हती, त्यामुळे अंदाज बांधून फसवायची सोय नव्हती. कंपनी सरकारच्या कुणा साहेबानं समुद्रावरच्या माणसांकडून दंड वसूल करावा म्हणून हे लिहिलं, कुणा शास्त्रीबुवांनी कपाळाला आठ्या घालून मराठीत केलं, कुणा लेखनिकानं शिळेसाठी कोरून काढल्यासारखं ठसठशीत लिहिलं. ह्यातल्या एकाच्याही मनात नसताना हे सगळं बोळिंजच्या तिसऱ्या मजल्यावर एका म्हाताऱ्याला अ आ शिकवत होतं. खानविलकरांना त्या तिघांचे आभार मानावेसे वाटत. सरकारचे आभार मानायची वेळ त्यांच्यावर पूर्वी आली नव्हती, त्यामुळे कसे मानतात ते आठवत नव्हतं. ते नुसतेच खिडकीकडे बघून मान हलवत. रॉबर्टचेही मानायचे होते, पण तिथे शब्दच अडत. त्याला कळलं असेल का, की मरणाच्या दारात त्यानं आपल्याला शिकवणी लावून दिली?

तरी जुलै संपताना ते एका पानापुढे गेले नव्हते. ते पान न बघता सांगताही आलं असतं. पाठ झालं होतं. यमुनाबाई एकदा म्हणाल्या, "मी बाकीचं वाचून दाखवते, तुम्ही पाठ करून जा. होडीला काय कळणार आहे?" रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, त्यांनी त्याचा विचार केला. सहज जमलं असतं. पण छापखान्यात पाठ असलेलं वाचणारा माणूस हा सर्वांत धोक्याचा, तो कागदावर नसलेलंच बघतो, हे त्यांनी स्वतःच नव्या मुलांना सांगितलेलं. आणि दुसरं असं, की पाठ म्हटलं की पुन्हा कधी वाचता येणार नाही ह्यावर आपणच सही केल्यासारखं होईल अशी भीती त्यांना वाटली. "नको," ते सकाळी म्हणाले. "जेवढं येईल तेवढं."

हंगामाच्या पहिल्या दिवसाची भरती दुपारी होती. पाचूबंदरला ओळीनं होड्या उभ्या होत्या, पताका लावलेल्या, ताज्या रंगाचा वास, सुकटीचा वास, त्यात फादरांच्या उदबत्तीचा. ऑगस्टीनची बायको रोझलीन यमुनाबाईंना हाताला धरून सावलीत घेऊन गेली आणि लगेच पापलेटांच्या भावावरून दोघींचं जमलं. फादर पवित्र पाणी शिंपडून, प्रार्थना म्हणून पुढच्या होडीकडे गेले. घरातली माणसं होती तशीच हात जोडून उभी राहिली. केल्विन, ऑगस्टीनचा मुलगा, होडीचा तांडेल, गुडघाभर पाण्यात उभा होता. खानविलकरांना होडीच्या नाळेसमोर, म्हणजे तिच्या तोंडासमोर, खुर्ची दिली होती. पण होडीपुढे बसून वाचणं त्यांना बरं वाटेना, ते उभे राहिले.

पहिलं कलम गेलं. बोट अक्षरावर होतं, आवाज थोडा मागून येत होता, पण येत होता. "सदरहू किनाऱ्यावरील जे कोणी गलबताचे अगर होडीचे मालक असतील त्यांनी आपले होडीचे नाव ठिकाणचे अंमलदाराकडे लिहून द्यावे." ते थांबले. कुणी हललं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. वारा सुटला होता. ऑगस्टीन पुढे झुकून हळूच म्हणाला, "पूर्णविराम म्हना."

"पूर्णविराम," खानविलकर म्हणाले.

"आमेन," सगळे म्हणाले.

म्हणजे रॉबर्टनं इथे येऊनही सवय सोडली नव्हती, आणि इतक्या वर्षांत त्या घराला पूर्णविराम हा कुणी संत वाटू लागला होता. हसू आणि हुंदका एकाच नळीतून वर यायला निघाले. त्यांनी दोघांनाही परत पाठवलं आणि पुढचं कलम धरलं. न देईल त्याजपासून दंड घेतला जाईल पूर्णविराम. आमेन. दंड न भरील त्याची होडी अटकेत ठेवावी पूर्णविराम. आमेन. रोझलीन डोळे मिटून म्हणत होती. पान उलटलं. आणि नव्या पानावर, पाठ नसलेल्या, ऊन पडलेल्या त्या पिवळ्या कागदावर, काही नव्हतं. म्हणजे खूप होतं, काळं, ठसठशीत, रांगेनं बसलेलं. बोट पहिल्या अक्षरावरून गेलं, परत गेलं. मागचं दार बंद होतं. शेजारची होडी पाण्यात उतरली, लोकांनी आरोळी दिली. आणखी एक उतरली. केल्विन म्हणाला, "पप्पा, पानी थांबलंय. आता ओसराय लागंल." हंगामाचा पहिला दिवस, सगळ्यांच्या आधी पोचेल त्याची जागा, हे खानविलकरांनाही ठाऊक होतं. घाम डोळ्यांत गेला. त्यांनी बोट उचललं.

"ऑगस्टीन," ते म्हणाले, "मला वाचता येत नाही. झटका आला तेव्हापासून. तुला सांगायला हवं होतं."

ऑगस्टीननं त्यांच्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. "मंग आतापत्तर काय करत व्हते?"

"एकेक अक्षर बोटानं ओळखत होतो."

"ते वाचनंच नं?"

"ते फार सावकाश आहे. तुमची भरती जाईल."

केल्विननं पाण्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. तेव्हा रोझलीन डोळे न उघडताच म्हणाली, "रॉबर्ट भाव लय फटाफट वाचायचा. मी दर वरसाला म्हनायची, तिला काय कललं असंल काय. लाकडाचीच हाय ती. सावकाश सांगा. कलू द्या तिला."

"आनि जागा गेली तर?" केल्विन म्हणाला.

"मासा काय रांग लावून उभा हाय," ऑगस्टीन म्हणाला. "उभा रा गप. टोपी काड."

केल्विननं टोपी काढली. खानविलकरांनी बोट परत ठेवलं. आता लपवायचं काही नव्हतं, म्हणून बोटाला घाई नव्हती. आणि समोर तिचं लाकडी, तेल पाजलेलं, आडदांड तोंड, जिला आयुष्यात एक अक्षर येत नव्हतं आणि त्याची लाज नव्हती. जे. जे को. कोणी तां. तांडेल. प्रत्येक अक्षर ते तिला दाखवून पुढे जात होते. एखादं अडलं की सगळे थांबत, ते निघालं की सगळे रोखलेला श्वास सोडत. तूफान होऊन होडी भलत्या बंदरी लागेल तर तिजपासून बंदराचा कर घेऊ नये पूर्णविराम. आमेन. हे एक कलम दंडाचं नव्हतं, आणि त्यावरचं आमेन जरा मोठं झालं असं त्यांना वाटलं. शेवटचं पान, शेवटचं कलम, खाली छापणाऱ्याचं नाव. रॉबर्ट तेही वाचत असे, म्हणून तेही वाचलं. संपलं तेव्हा होडीचा तळ चिखलाला टेकला होता. सगळ्यांनी खांदे लावले, फादर झगा सावरून आले, खानविलकर पँट वर करून चिखलात उतरले आणि कुणीही त्यांना नको म्हटलं नाही. ती सगळ्यांच्या शेवटी गेली, जरा तिरकी, सगळं काही माहीत असलेली.

परतताना एसटीत त्यांना खिडकी मिळाली. पायांना चिखल, मांडीवर रोझलीननं दिलेल्या ओल्या पिशवीत बोंबील, शेजारी यमुनाबाई डुलक्या घेत. दमून ते काही बघतही नव्हते. गाडीनं वळण घेतलं, एक लांब कुंपणाची भिंत आली आणि गेली, आणि खानविलकर मोठ्यानं म्हणाले, "मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन खात्रीशीर उपचार."

यमुनाबाई जाग्या झाल्या. पुढच्या बाकावरच्या माणसानं मागे वळून सहानुभूतीनं पाहिलं. "हळू बोला," यमुनाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नवऱ्याच्या दंडाला धरलं. "कुठे होतं?"

"भिंतीवर. मी वाचायला गेलो नव्हतो. आपोआप."

"बोट?"

"बोट पिशवीवर आहे."

मधली एक भिंत नुसतीच रंगीत गेली. दोघं खिडकीला नाक लावून बसले. मग एका शाळेचं आवार आलं, गाडी खड्ड्यासाठी हळू झाली, आणि चुन्यानं लिहिलेलं एक वाक्य कुणाच्या परवानगीची वाट न बघता, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदम, खानविलकरांच्या डोक्यात येऊन बसलं. येथे लघवी करू नये. त्यांना ते इतकं पटलं की डोळे भरून आले.